लासुर्ण्यातलं रेंदांग

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पातेल्याच्या काठाला आणि मूठ कानाला लावून स्वयंपाक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता.

मी इंदापुरात एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायला लागलो तेव्हा तिथं मनासारखी खोली मिळेना. शेवटी कॉलेजच्या शिपायानं लासुर्ण्यातली जागा सुचवली. बारामती-इंदापूर रस्त्यालगत घर, पुढच्या दोन खोल्या रिकाम्या, मागे ऊस. मालकांना सगळा गाव तात्या म्हणायचा, म्हणून मीही पहिल्या दिवसापासून तात्याच म्हणू लागलो; त्यांच्या बायकोला काकी. जागा बघायला गेलो तेव्हा तात्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"सर, मटण चालतं का?"

"चालतं."

"आन् नाक कसं हाय?"

मला वाटलं, सर्दी-पडशाबद्दल विचारतायत. साथ नुकती कुठं ओसरली होती, लोक असले प्रश्न विचारायचे. मी म्हटलं, नाक एकदम ठणठणीत आहे. "मग या ऱ्हायला," असं म्हणून बाकीचं बोलणं काकींवर सोपवून ते आत निघून गेले.

तात्या जन्मभर फिटर होते. जवळच्याच एका कंपनीत साखर कारखान्यांची यंत्रं बनायची, आणि ती जिथं जातील तिथं बसवून द्यायला तात्यांसारखी माणसं जायची. ऐन तिशीच्या उंबरठ्यावर ते मलेशियाला गेले, अगदी उत्तरेला, थायलंडच्या हद्दीजवळ. उसाच्या मिलचे रोलर बसवायचे होते. सहा महिन्यांचं काम सव्वादोन वर्षं चाललं. परत आले ते रोलरबद्दल अवाक्षर न काढता तिथल्या स्वयंपाकाबद्दल बोलत आले, आणि पुढे जन्मभर बोलतच राहिले.

गावात त्यांना कुणी फारसं जेवायला बोलवायचं नाही. याला त्यांची जात कारण होती असं कुणी म्हटलं असतं, आणि जुन्या काळी ते खरंही होतं. पण मी राहायला गेलो तेव्हा खरं कारण त्यांची जीभ होतं. ताट पुढं आलं की तात्या त्यातल्या एकेका जिनसावर बोट ठेवून विचारायचे, "हे कुणाचं?" म्हणजे हा जिन्नस मुळात कुठला, कुणी आणला, कुणाकडून कुणी घेतला. उत्तर आल्याशिवाय घास उचलायचे नाहीत, आणि उत्तर बहुधा यायचं नाही. महाशिवरात्रीला शेजारच्या आबांनी हौसेनं आम्हा दोघांना फराळाला बोलावलं. आबा म्हणजे गावातले जुने धनगर, आता बागायतदार, स्वभावानं भाबडे. खिचडीची बशी हातात घेऊन तात्या म्हणाले, "आबा, ह्यात आपलं काय हाय?"

"सगळंच की आपलं," आबा म्हणाले.

"साबुदाणा मलायाकडचा. तितं सागूचं झाड असतंय, त्याच्या गाभ्याचा. आपला तर त्यो बी न्हाय, आपला कंदाचा, आन् कंद अमेरिकेचा. शेंगदाणा अमेरिकेचा. मिरची अमेरिकेची. बटाटा बी तितलाच. उपास तेवढा आपला."

आबांनी माझ्याकडे आशेनं पाहिलं. भूगोलाचा माणूस काहीतरी बाजू घेईल असं त्यांना वाटलं असणार. मी मान खाली घालून खिचडी खाल्ली, कारण तात्यांचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी आबांनी फराळाला केळी दिली आणि तीही लांबूनच.

मला मात्र या माणसाची मजा वाटायची. वर्गात मी जे खडूनं बाणबिण काढून शिकवायचो, ते तात्या एका ताटात शिकवायचे. नासी लमाक हा त्यांचा आवडता धडा. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, शेजारी तळलेल्या सुक्या मासोळ्या, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचाच, पण चिंचगुळाच्या अंगानं जाणारा. "भात समद्यांचा," तात्या सांगायचे, "नारळ तितला, मिरची गोऱ्यांच्या बोटीतनं आली, मसाला अरबांनी आन् गुजरात्यांनी नेला. पराठा तमिळ मुसलमानाचा. नूडल चिन्याचं. आन् ह्ये समदं एका टेबलावर, एकाच बाईच्या हातचं. कोन म्हनंल कुणाचं?" असं विचारून ते स्वतःच खूश व्हायचे.

ती बाई म्हणजे माकचिक. माकचिक म्हणजे मलायी भाषेत मावशी. तात्या तिच्याकडे खोली घेऊन राहिले होते. विधवा बाई, पदरात नऊ-दहा वर्षांची मुलगी, सकाळी घरच्याच पडवीत न्याहारी विकायची. तिची आजी सुमात्रा बेटावरनं आलेली, सासरा तमिळ मुसलमान, शेजारीण चिनी. या सगळ्यांचं काही ना काही तिच्या चुलीवर असायचं.

तात्या तिच्याकडे राहायला का गेले, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. सुरुवातीला ते कंपनीच्या बाकी माणसांबरोबर मेसमध्ये होते. जाताना आईनं काळ्या तिखटाचा पत्र्याचा डबा बरोबर दिला होता. आईचं तिखट गावात प्रसिद्ध होतं. "घशाला लागायचं न्हाय," तात्या म्हणायचे. "आदी कायच वाटायचं न्हाय. मग सावकाश कानाच्या मागं चढायचं." एके दिवशी मेसमध्ये एकानं तो डबा उघडला, नाक धरलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणाचं?" विचारणारा आपल्याच जिल्ह्यातला होता. तिखट कुणाचं हे त्याला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी मेस सोडली.

माकचिकनं त्यांना नाव विचारलं, जेवलास का विचारलं, आणखी काही विचारलं नाही. पण तात्यांनी त्या डब्याचा धसका घेतला तो घेतलाच. तिच्या फडताळात अगदी मागे सारून ठेवला आणि पुन्हा उघडला नाही. परत येताना तिथंच सोडून आले. आईला सांगितलं, संपलं. आई बिचारी खूश झाली. वर्षभरानं ती गेली आणि तिच्याबरोबर ते तिखटही गेलं, कारण ती करताना कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. काकी नव्यानं नांदायला आलेल्या, त्यांचं माहेर मोरगावकडचं. त्यांनी आपल्या माहेरच्या पद्धतीनं तिखट करायला घेतलं, आणि तेच घरात रूढ झालं.

हे सांगून झाल्यावर तात्या म्हणाले, "आईला खोटं बोललो, ह्येवढंच एक खटकतं." आणि उठून गवती चहाला पाणी घालायला गेले.

गवती चहा त्यांनी परसात गुडघाभर वाढवला होता. बांधावर एक ईडलिंबाचं झाड होतं, त्याला फळ धरतं की नाही याची त्यांना फिकीर नव्हती, पानं हवी असायची. कोळिंजनाची मुळी बारामतीच्या काष्ठौषधीच्या दुकानातनं यायची. आपल्याकडे ती घसा बसल्यावर चघळतात. तात्या ती आल्यासारखी वाटणात घालायचे. हा सगळा खटाटोप एका पदार्थासाठी असायचा, आणि तो म्हणजे रेंदांग. मटण नारळाच्या दुधात आणि वाटणात चार-चार तास आटवायचं, दूध आटून त्याचं तेल होईस्तोवर, आणि मग त्या तेलात ते आपोआप परतलं जाऊ द्यायचं. शेवटी खोबरं भाजून, तेल सुटेपर्यंत कुटून घालायचं. हे शेवटचं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काकी म्हणाल्या होत्या, "ह्ये तर आपलंच वाटण की वो." तात्या दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

गंमत इथंच होती. जगातल्या प्रत्येक ताटात सरमिसळ शोधणारा हा माणूस माकचिकच्या रेंदांगात मात्र एक कणही इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांनी रेंदांगचं चक्क ड्रॉइंग लावलं होतं: पातेल्याचा उभा छेद, पहिल्या तासाला रस कुठवर, दुसऱ्याला कुठवर, तिसऱ्याला किती जाड. काकींनी एकदा सहज म्हटलं, चिमूटभर काळं तिखट टाकून बघू का. तात्यांनी पातेल्यावर दोन्ही हात आडवे धरले. "ह्यात आपलं कायबी जायाचं न्हाय."

कारण त्यांना एक परीक्षा पास व्हायची होती. निघताना माकचिकनं त्यांना सांगितलं होतं, "तू शिकलास असं मी म्हणणार नाही. माझ्या घरचं माणूस तुझं रेंदांग खाऊन गप्प बसलं, तर समज शिकलास." तिच्या घरी जेवण जमलं की कुणी बोलायचं नाही, बिघडलं की सगळे कौतुक करायचे. तात्या त्या बोलण्यावर आयुष्य काढून बसले होते. पण लासुर्ण्यात माकचिकच्या घरचं माणूस येणार कुठून?

दर रविवारी परीक्षा माझी असायची. पातेलं चढलं की मला बोलावणं यायचं. तात्या घड्याळ बघत, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बसलेले. बेअरिंगचा आवाज फिटर लोक असाच ऐकतात. "अजून पानी बोलतंय," ते म्हणायचे. तासाभरानं, "आता तेल बोलाय लागलं." मग झाकण काढून मला पुढं ढकलायचे.

"सर, सांगा. पयला वास कशाचा?"

"गवती चहा."

"मग?"

"ईडलिंबू. मग खोबरं."

"कोळिंजन दबलंय का?"

"थोडं."

ते मान हलवून आणखी एक तुकडा टाकायचे. मी हुशार विद्यार्थी आहे असा माझा समज झाला होता. काकी मात्र कपाळाला हात लावायच्या. "ह्ये कानाचं खूळ आत्ताचंच बगा. आदी नुसत्या वासावर सांगायचं, भाजी लागली म्हनून, अंगनात बसून."

मी तिथं राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मलेशियाहून पत्र आलं. पाकिटावर तात्यांच्याच हस्ताक्षराची नक्कल करून लिहिलेला पत्ता होता. त्यांनी कधीकाळी पाठवलेल्या शुभेच्छापत्रावरनं तो उतरवलेला. पत्र माकचिकच्या मुलीचं, इंग्रजीत. मी वाचून दाखवलं. आई गेल्या वर्षी वारली. माझा मुलगा पुण्यात शिकायला आलाय, त्याला भेटायला मी येणार आहे. तुम्हाला भेटावं अशी आईची इच्छा होती, एक वस्तू द्यायची आहे. चालेल का?

तात्यांनी पत्र माझ्या हातातनं घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "पोरगी एवढी हुती," म्हणत कमरेजवळ हात धरला. मग तो हात तसाच राहिला आणि ते म्हणाले, "म्हंजे माकचिकच्या घरचं मानूस."

तिथून पुढं घराला घर राहिलं नाही. रविवारचं रेंदांग बुधवारीही होऊ लागलं. मटण गावच्या मुलाण्याकडूनच, कारण पाहुणीला हलालच चालणार. "तसं आपल्याकडं बी पूर्वीपासनं बोकड मुलानीच कापतो," हेही त्यांनी मला सुनावलं. काकींच्या भाचीला त्याच सुमारास मूल झालं होतं, तिचा निरोप होता, बाळासाठी वेखंड पाठवा. तात्या बारामतीला कोळिंजन आणायला निघालेच होते, वेखंडही आणलं. दोन पुड्या, दोन्हींत वाळक्या मुळ्या. एक भाचीकडे गेली, एक पातेल्यात.

त्या रविवारी पाहुणी यायला तीन आठवडे राहिले होते. रंगीत तालीम म्हणून आबांनाही बोलावलं होतं, आणि आबा जुनं विसरून आलेही होते. मला यायला उशीर झाल्यानं वासाची परीक्षा चुकली. मी थेट ताटावरच बसलो. पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबलो. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात सव्वा महिना आमच्या घरात जो वास भरलेला असायचा, तोच वास समोरच्या मटणातनं येत होता.

आबांनी घास घेतला होता. त्यांना तो गिळता येईना आणि थुंकता येईना. शेवटी कसाबसा बाजूला काढून ते अगदी नम्रपणे म्हणाले, "तात्या, ह्येला न्हान्या पोराचा वास येतोय."

"कोळिंजन ताजं हाय, म्हनून," तात्या म्हणाले.

काकींनी पातेल्यात वाकून पाहिलं. "अवो, बाळंतिनीची खोली हाय ही नुसती!"

तेवढ्यात काकींचा फोन वाजला. भाची होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता: "मावशी, वेखंडाला आल्याचा वास कसा गं येतोय?"

आबा हसायला लागले, मीही लागलो. काकी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. वेखंड असं आहे की डोळे बांधून दारातनं आत आलात तरी कळतं. तात्यांनी ते उगाळलं होतं, वाटलं होतं, चार तास त्यावर वाकून बसले होते.

"तुमाला वास न्हाय आला?" काकींनी विचारलं.

तात्या ताटातल्या घासाकडे बघत होते.

"अवो, मी काय इचारतीया?"

"न्हाय येत," ते म्हणाले. "त्या तापापासनं न्हाय येत. कशाचाच."

आबा उठून हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. काकी तिथंच बसल्या. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या संतापल्या होत्या. "दोन वर्सं! दोन वर्सं मी ताट वाडलं की म्हनायचं, छान झालंय. आळणी झालं तरी छान, करपलं तरी छान. आन् दुसऱ्यांदा वाडू का म्हटलं की नको. आदी कसं मागून मागून खायचात. मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली. मला सांगाया काय झालं हुतं?"

"सांगून काय येनार हुता व्हय वास?" तात्या म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "सरांचं नाक हुतं की."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या दिवशीचा तो प्रश्न, रविवारच्या त्या परीक्षा, ते घड्याळ, तो स्क्रू-ड्रायव्हर. माझी परीक्षा कुणी घेतच नव्हतं. मला थोडा राग आला, खोटं का बोला. भाडेकरू म्हणून आपल्याला नाकासाठी ठेवलं होतं हे कळल्यावर कुणालाही येईल. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. हा माणूस दोन वर्षं नुसत्या आवाजावर आणि घड्याळाच्या काट्यांवर स्वयंपाक करत होता, आणि आता तीन आठवड्यांनी त्याची खरी परीक्षा घ्यायला माणूस येणार होतं.

ते तीन आठवडे मी रीतसर नाक म्हणून काम केलं. कॉलेज सुटलं की थेट स्वयंपाकघर. पुड्यांवर काकींनी मोठ्या अक्षरात नावं लिहिली. मी सांगायचो, तात्या घालायचे, पुन्हा सांगायचो. पण माझी अडचण अशी की माकचिकचं रेंदांग मी कधी खाल्लंच नव्हतं. जे मला छान लागत होतं ते बरोबर आहे की नाही, हे सांगायचं कुणी? ज्याला माहीत होतं त्याला वास नव्हता, आणि ज्याला वास होता त्याला माहीत नव्हतं. तात्या मला खोदून खोदून विचारायचे, आणि माझं उत्तर ऐकताना डोळे मिटून काहीतरी आठवायचा प्रयत्न करायचे.

ठरल्या दिवशी आम्ही गाडी करून भिगवणला गेलो. ती पुण्याहून रेल्वेनं एकटीच आली. मुलाची परीक्षा होती. पन्नाशीला टेकलेली, डोक्याला निळा रुमाल, हसरी. तात्यांना पाहताच "पाकचिक!" म्हणाली, म्हणजे काका, आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून कपाळाला लावला. तात्यांची मलायी भाषा तिथंच आटोपली. पुढं मी इंग्रजीतनं दुभाष्याचं काम करत होतो.

दुपारी पानं मांडली. तात्या स्वतः जेवायला बसले नाहीत, आपलं रिकामं ताट शेजारी ठेवून तिच्या समोर पाटावर टेकले. तिनं पहिला घास घेतला.

"खूप छान झालंय, पाकचिक," ती म्हणाली.

मी भाषांतर केलं. दुसरा घास घेऊन ती म्हणाली, मटण किती मऊ शिजलंय. तिसऱ्याला म्हणाली, हे सगळं इथं कसं मिळवलंत, कमाल आहे. बाई मनापासून बोलत होती. मी एकेक वाक्य मराठीत करत होतो आणि प्रत्येक वाक्यागणिक तात्यांचा चेहरा उतरत होता. शेवटी मी एक-दोन वाक्यं गिळलीही, पण त्यांना भाषांतराची गरज नव्हती. ती बोलत होती एवढंच त्यांना पुरेसं होतं.

"इचारा तिला," ते म्हणाले, "काय कमी हाय? खरं सांग म्हनावं."

तिनं आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "कमी काही नाही. आमच्या घरी फक्त शेवटी बारामती घालायचे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बारामती?"

"बारामती," ती म्हणाली आणि पिशवीतनं जॅमची एक बाटली काढली. आत काळपट भुकटी होती. तात्या निघून गेल्यावर महिनाभरानं माकचिकला फडताळात पत्र्याचा डबा सापडला होता. उघडून तिनं वास घेतला आणि थोडं रेंदांगात टाकून पाहिलं. डबा संपत आला तसा ती तो घेऊन बाजारातल्या तमिळ वाण्याकडे गेली. वाण्यानं दुपारभर हुंगून हुंगून एकेक जिन्नस ओळखून काढला. पुढं ती घरीच करू लागली. पाकचिक कुठले, तर बारामतीचे, एवढं तिला माहीत होतं, म्हणून घरात त्याला बारामती म्हणायचे. "आई म्हणाली होती, हे त्याचं आहे. त्याला परत दे."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. तात्यांनी हात पुढं केला नाही. बाटली काकींनी घेतली. झाकण उघडून नाकाशी नेली आणि ती घेऊनच त्या तात्यांच्या शेजारी बसल्या.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या. "अवो, आत्याबाईंचं तिखट हाय ह्ये. दगडफूल हात सोडून, आन् तीळ पार काळं हुईस्तोवर भाजल्यालं. हुबेहूब त्यांचंच."

तात्यांनी बाटली घेतली. डोळे मिटून जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा काकींनी तोंडाला पदर लावला. तात्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

"सर, सांगा."

दोन वर्षं मी हेच करत आलो होतो. मी वास घेतला. "पहिला धुराचा येतोय," मी म्हटलं. "करपल्यासारखा. मग खोबऱ्याचा. मग दगडफुलाचा, ओलसर."

"मग?"

"मग येतोय काहीतरी, तात्या. पण मला सांगता येत नाही."

"सांगा की."

मला खरंच सांगता येईना. मी त्यांच्या आईला पाहिलं नव्हतं.

काकी उठल्या. त्यांनी पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं, कुणाला न विचारता त्यात चमचाभर तिखट टाकलं, पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवलं. तात्या बघत होते. त्यांनी हात आडवे धरले नाहीत. पाच मिनिटांनी काकींनी पाहुणीच्या ताटात वाढलं.

तिनं घास घेतला. मग दुसरा. तिसरा. आम्ही वाट बघत होतो. रस्त्यावरनं एक एसटी गेली. पाहुणीनं मान वर केली नाही. ती खाली बघून जेवत राहिली, एक शब्द बोलली नाही.

तात्यांनी हे पाहिलं. मग बाटलीतली चिमूट तळहातावर घेतली आणि जिभेवर ठेवली. तोंड मिटून बसले. काहीच झालं नाही. काकी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, मीही बघत होतो. बराच वेळ गेला. मग त्यांचा उजवा हात सावकाश वर गेला आणि दोन बोटं कानाच्या मागं टेकली. तिथंच राहिली.

दुसऱ्या हातानं त्यांनी आपलं ताट काकींच्या पुढं सरकवलं. काकींनी वाढलं. ते खाली मान घालून सगळं जेवले आणि ताट पुन्हा पुढं केलं.

"वाड अजून," ते म्हणाले.